पाणी उतरणार कुठे ते आधी सांगा : शेडच्या पन्हळींबद्दल वाचकांचे प्रश्न

मे लागला की या सदरात शेडचेच प्रश्न सुरू होतात, यंदा तर निम्मी पत्रं पन्हळीचीच आहेत, म्हणून गच्चीची ओल, इन्व्हर्टरची बॅटरी वगैरे मंडळींनी जरा दम धरा, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : काका नमस्कार. सांवेर रोडला आमचं छोटं नमकीन पॅकिंगचं युनिट आहे. तीस बाय साठ फुटांची लोखंडी शेड, मधे उंच आणि दोन्हीकडे उतार, खाली चार फूट वीट आणि वर सगळी चद्दर. शेड उभी केली तेव्हा पैसे संपत आले होते म्हणून पन्हळ राहूनच गेली. आता जोराचा पाऊस आला की दोन्ही लांब बाजूंना पाण्याचा पडदा पडतो, खाली मातीत चर पडलाय, चिखल उडून विटांच्या वर चद्दरीपर्यंत जातो आणि तिथे गंज धरायला लागलाय. ठेकेदार म्हणतो सहा इंची पन्हळ लावू, एका बाजूला एक पाइप खूप झाला. भाऊ म्हणतो पीव्हीसीची घे, स्वस्त पडते. नक्की केवढी लागेल, कशाची घ्यावी, आणि चद्दरीला भोकं पाडली तर तिथूनच गळायचं नाही का?

उत्तर : पन्हळ केवढी हा प्रश्न नंतरचा हो, आधी मला हे सांगा की पाणी खाली उतरून जाणार कुठे, कारण नव्वद टक्के लोक पन्हळ बघतात आणि पाइप विसरतात, आणि मग भर पावसात पन्हळ काठोकाठ भरून वाहते आणि शिव्या पन्हळीला पडतात. तुमचा हिशोब करू. एका बाजूचा उतार पंधरा बाय साठ, म्हणजे ९०० चौरस फूट, म्हणजे साधारण ८४ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, एवढं एक डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं तोंडी होतं. जोराची सर आपण तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाची धरतो, तशी ती तासभर टिकत नाही, दहा-पंधरा मिनिटंच असते, पण पन्हळीला परीक्षा त्या दहा मिनिटांचीच द्यायची असते. तेवढ्या वेळात तुमच्या एका बाजूवरून सेकंदाला सव्वादोन लिटरच्या वर पाणी येणार, आणि चद्दर काही शोषत नाही, कौलासारखं थोडं पिऊन मग सोडणं वगैरे काही नाही, पडलं की सरळ खाली. अशा पावसाला चार इंची एका पाइपमागे छत साधारण ४०-४५ चौरस मीटरच धरायचं असतं. तुमचं ८४ आहे. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन पाइप, एकूण चार. ठेकेदाराला एवढंच विचारा की भिया, २०२० च्या ऑगस्टमध्ये इंदुरात एका दिवसात दहा इंचाच्या वर पाऊस झाला होता तेव्हा तुझा एक पाइप काय करत असता.

पन्हळीचा सहा इंच बाय सहा इंचाचा आकार तुम्हाला पुरतो, तिथे ठेकेदार बरोबर आहे. पण ती अख्खी साठ फूट एका अंगाला उतरवू नका. मधोमध उंच ठेवा आणि दोन्ही टोकांना उतार द्या, म्हणजे तीस-तीस फुटांच्या दोन पन्हळी झाल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला आपापला पाइप. उतार दहा फुटांना अर्धा इंच, म्हणजे तीस फुटांत दीड इंच, खालून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. हा उतार डोळ्याने धरू देऊ नका, पाणी भरलेली पारदर्शक ट्यूब वापरायला लावा, मिस्त्री जरा तोंड वाकडं करतील, करू देत. शेडच्या चद्दरीची कडच सरळ आहे असं समजून तिला समांतर पन्हळ लावली की हमखास कुठेतरी पोट येतं आणि त्या पोटात पाणी साचून पुढच्या वर्षी तिथेच भोक पडतं (डासांचं तर काय सांगावं).

मधे त्या दोन पन्हळी एकमेकींना जोडू नका. दोघींची तोंडं झाकणाने बंद करायची, मधे एक बोटभर फट सोडायची आणि वरून चद्दरीची टोपी ठेवायची, टोपी फक्त एकाच बाजूला रिवेट करायची. कशासाठी, तर लोखंड उन्हात वाढतं. जानेवारीतल्या पहाटेची चद्दर आणि मेमधल्या दुपारची चद्दर यांत पन्नास डिग्रीचा फरक सहज पडतो, तेवढ्यात साठ फुटांचं लोखंड एक सेंटीमीटरच्या थोडं वरच वाढतं. ॲल्युमिनियम त्याच्या दुपटीने. आणि भावाची पीव्हीसी, ती तेवढ्याच लांबीत सहा सेंटीमीटरच्या आसपास वाढते-आकसते, म्हणजे अडीच इंच! म्हणून घराच्या छोट्या छपराला पीव्हीसी चालते, साठ फुटांच्या शेडला तिचे जोड दरवर्षी उघडतात आणि उन्हाने ती ठिसूळ होते ते वेगळंच. भावाला राग येऊ देऊ नका, खालचे उभे पाइप पीव्हीसीचेच घ्यायचे आहेत, तेवढं त्याचं ऐकलं असं होईल.

पन्हळ जीआयची, म्हणजे झिंक चढवलेल्या लोखंडी चद्दरीची, किंवा कलर कोटेड, ०.८ मिलिमीटरची घ्या. दुकानात गेजमध्ये बोलतात आणि गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी चद्दर पातळ, तिथेच गडबड होते, म्हणून लोहामंडीत जा नाहीतर सियागंजात, बिलावर एमएम लिहून घ्या. चद्दर कापायला कात्री नाहीतर निबलर (चद्दर कुरतडत कापणारं मशीन) वापरायचा, ग्राइंडर नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कीस असतो, तो रंगात रुतून बसतो आणि पहिल्याच पावसात अख्ख्या चद्दरीवर तांबडे ठिपके उठतात, मग लोक म्हणतात कंपनीने माल खराब दिला. ड्रिलचा कीससुद्धा संध्याकाळी कुंच्याने झाडून घ्यायचा. आणि वेल्डरला लांब ठेवा. वेल्डिंग केलं की तिथलं झिंक जळून जातं आणि गंजाला दार उघडं होतं, शिवाय तो पांढरा धूर छातीत गेला की माणसाला रात्री थंडी वाजून ताप भरतो. पन्हळीचे जोड रिवेट आणि सीलंटचेच.

आता टांगायची कशाला. पाण्याने भरलेली सहा बाय सहाची साठ फूट पन्हळ किती भरते माहितेय, चारशे किलोच्या वर. हे वजन छपराच्या पातळ चद्दरीच्या कडेवर सोडायचं नसतं, ते कडेच्या पर्लिनवर, म्हणजे ज्या आडव्या लोखंडी दांडीवर चद्दर स्क्रूने बसते तिच्यावर, गेलं पाहिजे. तुमची चद्दर आधीच बसलेली आहे, म्हणून कडेच्या ओळीचे स्क्रू सैल करून चद्दर थोडी उचलायची, ब्रॅकेट खालून पर्लिनला बोल्टने कसायचा आणि चद्दर परत बसवायची, त्या ओळीला स्क्रू आणि रबरी वायसर नवे घालायचे, जुने परत वापरायचे नाहीत. ब्रॅकेटमधे अंतर दोन ते अडीच फूट, त्याहून जास्त नको. छपराच्या चद्दरीला भोक पडलंच तर ते चद्दरीच्या उंच लहरीच्या माथ्यावर पडायला हवं, खळगीत नाही, पाणी खळगीतून वाहतं. स्क्रू आवळताना वायसर किंचित फुगला की थांबायचं, पार चेपला की दोन उन्हाळ्यांत फाटतो. एवढं सांभाळलं तर भोकांनी गळायचं काही कारण नाही.

चद्दरीची कड पन्हळीच्या आत साधारण दोन इंच यायला हवी. कमी आली तर हळू पावसात पाणी कडेखालून मागे वळतं आणि भिंतीवरून उतरतं, जास्त आली तर जोराच्या सरीत पन्हळीवरून उडी मारून पुढे पडतं. आणि एक गोष्ट बहुतेक कोणी करत नाही, ती म्हणजे पन्हळीचा बाहेरचा काठ भिंतीकडच्या काठापेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली ठेवायचा. कधी पाइप तुंबलाच तर पाणी अंगणात पडेल, आत मालावर नाही. तुमच्याकडे शेव-मिक्श्चरची पाकिटं आहेत, तुम्हाला हे पन्हळीच्या साइजपेक्षा महत्त्वाचं.

खालचे पाइप ११० एमएमचे एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्या-पावसाच्या पाण्यासाठीचे पीव्हीसी पाइप, घ्या, वरून ऑइलपेंट मारा म्हणजे उन्हाने तडकत नाहीत, आणि जिथे टेम्पो मागे येतो तिथे खालचा तीन फूट भाग लोखंडी पट्टीच्या जाळीत घ्या, नाहीतर पहिल्याच लोडिंगला टेम्पोचा कोपरा लागून पाइप फुटणार. पाणी कॉलमच्या बुडाशी सोडायचं नाही. आपली माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते, दरवर्षी हा खेळ कॉलमखाली चालला की फरशी उचलते, शटर अडकायला लागतं आणि मग आपण शटरवाल्याला बोलावतो. पाइपाच्या तळाशी कोपर लावून पाणी पाच-सहा फूट लांब पक्क्या नालीत न्या.

प्रश्न : दादा, लोकमान्य नगरला आमचं घर आहे, गच्चीवर वाळवणासाठी आणि पापड-कुरडयांसाठी पंधरा बाय वीसचं टिनाचं छप्पर घातलंय. त्याचं पाणी शेजारच्या काकूंच्या अंगणात पडतं, त्यांच्या तुळशीची माती वाहून गेली, तेव्हापासून सासूबाईंशी त्यांचं बोलणं बंद आहे. आमच्या प्लंबरने सांगितलं की पन्हळ लावून पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरमधे सोडून देतो. चालेल ना?

उत्तर : ताई, पन्हळ लावा पण चेंबरमधे नका सोडू. संडास-बाथरूमची लाइन घरच्या सांडपाण्याच्या मापाने टाकलेली असते, तिच्यात पावसाचं पाणी घातलं की मोठ्या सरीला चेंबरचं झाकण उचलतं आणि तेव्हा सगळ्या गल्लीचंच बोलणं बंद होईल. तुमचं छप्पर ३०० चौरस फुटांचं, त्याला चार इंची एक पाइप भरपूर. वीस फुटांची कड असेल तर पीव्हीसीची अर्धगोल पन्हळ चालेल, फक्त जोडाला कंपनीचा रबरवाला जोड घ्या, सोल्युशनने चिकटवून टाकू नका, उन्हात सरकायला जागा लागते तिला. पाइप आपल्याच भिंतीवरून उतरवा आणि रस्त्याच्या पावसाळी नालीत किंवा आपल्या अंगणात शोषखड्डा करून त्यात. पन्हळीचं टोकसुद्धा आपल्या हद्दीच्या आत राहू दे, शेजारच्या हवेत चार इंच गेलेलं लोकांना चार फूट दिसतं. आणि काकूंना तुळशीसाठी माती पाठवा, तिथे पन्हळीचा काही उपयोग नाही.

प्रश्न : पीथमपूरला आमच्या दोन शेड एकमेकींना चिकटून आहेत, दोघींचं पाणी मधल्या पन्हळीत येतं. दर पावसाळ्यात एकदा तरी ती भरून आत मशीनवर पाणी येतं. चद्दर जाड घालू का?

उत्तर : जाड घालाच, मधल्या पन्हळीला दीड-दोन मिलिमीटरची पाहिजे कारण साफ करायला माणूस तिच्यात उतरतो, पण त्याने भरायची थांबणार नाही. कडेची पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर पडतं, मधली तुंबली तर त्याला आत येण्यावाचून रस्ताच नाही, एवढा साधा फरक आहे, आणि दोन छपरांचं पाणी एकीवर. मला विचाराल तर नवी शेड बांधताना मधली पन्हळ येणारच नाही असंच डिझाइन करावं, दोन शेडमधे चार फूट गल्ली सोडावी. पण आता आहे तर आहे. रुंदी निदान दीड फूट करा, बूट मावला पाहिजे. पाइप दोन्ही टोकांना असू देत आणि लांबी जास्त असेल तर मधेही, हिशोब वर दिलाय तोच, पण दोन्ही उतार मिळून धरा आणि येणाऱ्या आकड्यावर एक पाइप जास्तच टाका. पाइपाच्या तोंडाला सरळ भोक न ठेवता खाली एक फूटभर खोल पेटी करा, पाणी पेटीत पडून मग पाइपात जातं, तोंडाशी भोवरा होऊन हवा अडकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही टोकांच्या झाकणाला वरून दोन-तीन इंच खाली एक चौकोनी खिडकी कापा. पन्हळ भरायला आली की पाणी त्या खिडकीतून बाहेर धो धो पडेल, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल की काहीतरी तुंबलंय, आणि तुमच्या मशीनवर थेंब यायच्या आधी माणूस वर जाईल. वर जाणाऱ्याला मात्र नीट सांगा की पाय स्क्रूच्या ओळीवर, म्हणजे पर्लिनवरच ठेवायचा, आणि उजेडासाठी घातलेल्या फायबरच्या चद्दरीवर अजिबात नाही. धुळीने त्या बाकीच्या चद्दरीसारख्याच दिसतात आणि माणूस सरळ खाली जातो. कमरेला दोर बांधून पाठवा, आणि पाऊस चालू असताना पाठवूच नका.

प्रश्न : पन्हळीचे जोड दरवर्षी गळतात, दरवर्षी वरून सिलिकॉन मारतो, परत गळतात. कुठलं सिलिकॉन चांगलं?

उत्तर : ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा आंबूस वास येतो ते जीआयवर चालतच नाही, त्यातलं ॲसिड झिंक खातं. न्यूट्रल लिहिलेलं घ्या. पण तुमचा रोग वेगळा आहे, सिलिकॉनवर सिलिकॉन चिकटत नाही. सगळं जुनं खरवडा, थिनरने पुसा, रिवेट काढून जोड उघडा, दोन्ही चद्दरींच्या मधे सीलंटच्या दोन रेघा नाहीतर ब्यूटाइल टेप घाला आणि मग दोन ओळींत नवे रिवेट मारा. एका तुकड्यावर दुसऱ्याचा निदान तीन-चार इंच चढ हवा, आणि वरच्या अंगाचा तुकडा आत, खालच्या अंगाचा बाहेर, म्हणजे पाणी जोडावरून घसरत जातं. उलटा चढ असेल तर जगातलं कुठलंही सिलिकॉन घ्या, गळणारच. हो, आणि जवळपास एसीचा तांब्याचा पाइप आहे का बघा, त्याचं पाणी पन्हळीत ठिबकत असेल तर तांबं झिंकला खाऊन टाकतं, तो थेंब दुसरीकडे वळवा.

प्रश्न : शेडवर लिंबाचं झाड आहे, म्हणजे कडुलिंबाचं. पन्हळीवर जाळी लावावी का?

उत्तर : पूर्ण पन्हळीवर नको, कडुलिंबाची पानं एवढी बारीक असतात की जाळीवर गादी होते आणि पाणी वरूनच ओसंडतं. पाइपाच्या तोंडावर तारेचा उभा फुगा बसवा, आणि मृग लागायच्या आत एकदा, राखी पौर्णिमेच्या सुमारास एकदा हाताने साफ करा. कबुतरांची घरटी मेमधेच काढायची, जूनमधे अंडी असतात आणि मग कोणाचं मन होत नाही.

प्रश्न : पन्हळ लावतोच आहोत तर पाणी साठवता येईल का, टँकरचा खर्च वाचेल?

उत्तर : वाचेल की. तीस बाय साठच्या शेडवर आपल्याकडच्या ९०० मिलिमीटर पावसात वर्षाला सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं, थोडं उडून-वाहून जाणारं सोडून. पण ते चार महिन्यांत येतं आणि तुम्हाला पाणी लागतं मार्च ते जूनमधे, तेवढी टाकी कोण बांधणार. म्हणून पाच-दहा हजार लिटरची टाकी धुण्या-पुसण्याला आणि बाकीचं बोअरच्या रिचार्जला. सुरुवातीच्या सरीचे पहिले एक-दोन मिलिमीटर, म्हणजे अशा शेडचे दोन-तीनशे लिटर, वेगळ्या नळीने सोडून द्यायचे, त्यात सहा महिन्यांची धूळ आणि कबुतरांची घाण असते. बोअरमधे थेट पाइप घालून मोकळं होणारे लोक बघितलेत, तसं करू नका, गिट्टी-वाळू-कोळशाच्या फिल्टरमधून जाऊ दे. पिण्याला हे पाणी धरू नका.

प्रश्न : पाऊस पंधरा दिवसांवर आलाय, फॅब्रिकेटर जुलैची तारीख देतोय. तोवर काय करू?

उत्तर : चांगल्या फॅब्रिकेटरची जुलैची तारीख घ्या, रिकामा बसलेल्याची उद्याची नको. तोवर पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवर दीड फूट रुंद, एक फूट खोल चर खणून उतार बाहेरच्या नालीकडे द्या आणि चाळीस एमएम गिट्टीने भरा, चिखल उडायचा जागच्या जागी थांबतो. मुरूम घालू नका, तो दोन पावसांत दबून घट्ट होतो आणि पाणी परत भिंतीकडेच येतं. चर खणताना कॉलमच्या अर्थिंगची पट्टी बघून घ्या, ती बऱ्याचदा तिथेच असते.